बाळाआधी आईबापांनी पाण्यात उतरावं

पाण्यात पडलं की पोहता येतं, अशी आपल्याकडची जुनी समजूत आहे. मोठ्या माणसाच्या नोकरीधंद्यापुरती ती खरी असेल. दीड वर्षाच्या पोराला ती लावायला गेलं, तर पोर हातचं जातं. तरीही ही समजूत आता नव्या रूपात परत आली आहे. मुंबई, पुणे, ठाण्यात सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना आईबाबांसह पाण्यात उतरवणारे वर्ग भरतात. पाण्याखाली डोळे उघडे ठेवून तरंगणाऱ्या बाळांच्या चित्रफिती मोबाइलवर फिरतात, आणि त्या महाडच्या बाजारपेठेतल्या घरात पोचतात तशाच पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवरही. नदी जवळ, पावसाळा रौद्र. तेव्हा आपल्याही बाळाला हे शिकवावं असं एखाद्या आईला वाटलं तर नवल नाही.

या वर्गांत नेमकं काय घडतं, त्यातलं खरं किती आणि फुगवलेलं किती, आणि महाड-पोलादपूरसारख्या भागाला त्याचा काय उपयोग, हे इथे तपासायचं आहे. माझं म्हणणं आरंभीच मांडलेलं बरं: तीन वर्षांखालच्या मुलाच्या पोहण्याच्या वर्गात खरं शिक्षण आईबापाचं होतं. ते शिक्षण मोलाचं आहे, आणि त्याचा मोठा भाग तलाव नसतानाही देता येतो.

इथलं पाणी

सावित्री महाबळेश्वरच्या माथ्यावरून उतरते, पोलादपूरवरून महाडला येते, आणि गांधारी व काळ या नद्यांचं पाणी घेऊन बाणकोटच्या खाडीकडे जाते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, वर घाट आणि खाली भरती, अशा कात्रीत महाड शहर वसलेलं आहे. ऑगस्ट 2016 मध्ये सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल रात्री वाहून गेला आणि दोन एसटी गाड्यांसह माणसं पुरात गेली. जुलै 2021 मध्ये शहर पाण्याखाली गेलं. पाण्याचं भय इथे कुणाला शिकवावं लागत नाही.

पण पाच वर्षांखालच्या मुलाच्या जिवाला असलेला धोका बहुतेक वेळा या मोठ्या पाण्यातून येत नाही. पावसाळ्यात धो धो पाऊस झेलणाऱ्या या डोंगरात एप्रिल-मे महिन्यांत वाड्यांवर टँकर चालतात. मग घरोघरी पाणी साठवलं जातं: पिंप, बादल्या, टाकी, न्हाणीतला हौद. नुकतंच चालू लागलेलं मूल बादलीच्या काठाला धरून उभं राहतं. या वयात डोकं शरीराच्या मानाने जड असतं, हातांत जोर नसतो. आत वाकलं की तोल पुढे जातो आणि परत वर येता येत नाही. वीतभर पाणीही पुरतं. आरडाओरडा होत नाही, कारण श्वास अडकलेल्याला ओरडता येत नाही. आई परसात, आजी चुलीपाशी, आणि घरात नेहमीसारखी शांतता. हे दोन-चार मिनिटांत घडून जातं.

घराबाहेर शेततळं, कठडा नसलेली विहीर, पऱ्या, बांधकामासाठी खणलेला आणि पावसाने भरलेला खड्डा. लावणीच्या दिवसांत घरातली सगळी कर्तीसवरती माणसं खाचरात असतात आणि धाकटं भावंड सात-आठ वर्षांच्या ताईच्या हवाली असतं. मे महिन्यात आणि गणपतीला मुंबईचे चाकरमानी येतात. त्यांच्या मुलांना गावचं पाणी ठाऊक नसतं आणि गावच्या माणसांना ही मुलं कुठे जातील ते ठाऊक नसतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या डिसेंबर 2024 च्या अहवालानुसार 2021 या एका वर्षात जगात सुमारे तीन लाख माणसं बुडून मेली, आणि त्यांतली जवळपास चौथाई पाच वर्षांखालची होती. एक ते चार वर्षांच्या मुलांच्या मृत्यूच्या कारणांत बुडण्याचा क्रमांक जगभरात चौथा लागतो. भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे 2022 मध्ये बुडून झालेल्या 38 हजारांहून अधिक मृत्यूंची नोंद झाली. नोंद न झालेले वेगळेच.

जुनी शाळा कशी मोडली

कोकणात पोहणं शिकवायची पद्धत होती. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या पाठीला कोरडा भोपळा नाहीतर पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा तुकडा बांधायचा, कमरेला दोर, दोराचं टोक काठावरच्या मामा-काकाच्या हातात. पाय मारायला आले की भोपळा सुटायचा, मग दोर. पुढे पत्र्याचा डबा आला, त्यानंतर ट्रकची ट्यूब. त्या पद्धतीत दोन गोष्टी पक्क्या होत्या. तान्ह्याला कुणी विहिरीत नेत नसे, आणि शिकवणारा स्वतः तरबेज असे.

मात्र ही शाळा सगळ्यांना खुली नव्हती. हे महाडला सांगायला लागू नये. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांना खुले करणारा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात 1923 मध्ये झाला, 1924 मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला, तरी 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारोंसह त्या तळ्यावर जाऊन पाणी प्यावं लागलं, आणि तळ्याच्या खटल्यात उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल यायला मार्च 1937 उजाडला. ज्यांना पाण्याला हात लावायची मनाई होती, त्यांच्या मुलांना पाण्यात उतरून शिकायला कोण देणार होतं? मुलींचंही तेच. पाणी आणायला त्या पहाटेपासून पाणवठ्यावर, पण पोहायला विहिरीत उडी मारणारे बहुतेक मुलगेच. आज लेकराला घेऊन पाण्यात उतरायला घाबरणाऱ्या आया दिसतात, त्यामागे हा इतिहास आहे. अमेरिकेतही गोऱ्यांच्या तलावांवर काळ्यांना मज्जाव होता, आणि त्याची छाया तिथल्या पोहता येणाऱ्या-न येणाऱ्यांच्या प्रमाणावर आजही पडलेली आहे.

नंतर ती जुनी शाळाही मोडत गेली. नळ आले, विहिरी पडीक झाल्या. महाडची औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि खालच्या अंगाला सावित्रीच्या पाण्याबद्दलच्या तक्रारी सुरू झाल्या. शहराजवळच्या पात्रात मगरींचा वावर आहे. काठावर ऊन खात पडलेल्या मगरी पुलावरून दिसतात. वाळण कोंडासारखे डोह वरून शांत आणि आत अथांग. म्हणजे बापाने मुलाला खांद्यावर घेऊन नदीत डुंबायला न्यावं, असं पाणीच जवळ उरलेलं नाही. महाडजवळच्या सवच्या गरम झऱ्यांचं नाव या संदर्भात कुणी काढलं तर तेही नकोच: ते पाणी फार गरम असतं आणि अनेकांच्या आंघोळीचं असतं. तान्ह्या कातडीला दोन्ही वाईट.

वर्गात काय होतं

चांगला पालक-बाळ वर्ग साधारण अर्ध्या तासाचा असतो. पाणी आईच्या छातीइतकं आणि कोमट, साधारण 32 अंशांचं. मोठ्यांच्या तलावातलं पाणी याहून बरंच गार असतं, आणि तान्हं बाळ पाहता पाहता गारठतं. ओठ निळसर पडले की तास तिथेच संपवायचा. आई बाळाला काखेत दोन्ही हात घालून समोर धरते, तोंड तिच्या तोंडासमोर. गाणं म्हणत मागे मागे चालते, बाळाचे पाय आपोआप मागे तरंगतात. मग पाण्यावर फुंकर मारून बुडबुडे काढायचे. मग “एक, दोन, तीन” म्हणून डोक्यावरून पेलाभर पाणी ओतायचं. खूण ऐकली की श्वास धरायचा, हे बाळाला हळूहळू उमगतं. मग त्याला उताणं करून डोकं आपल्या खांद्यावर टेकवायचं, कान पाण्यात. हे बहुतेक बाळांना सुरुवातीला आवडत नाही. शेवटी काठ: मुलाचे हात कडेवर ठेवायचे, हाताला हात लावत कडेकडेने सरकायचं, कोपर टेकवून वर चढायचं. दोन-अडीच वर्षांच्या मुलाने पाण्यात पडल्यावर वळून काठ धरणं, ही या वर्गाची सगळ्यात कामाची गोष्ट आहे, आणि ती महिनोन्महिने घोटावी लागते.

आपल्या घरांत याच्याशी मिळतंजुळतं काही शतकानुशतकं चालत आलेलं आहे. न्हाऊ घालणारी बाई पाटावर पाय लांब करून बसते, तेल चोळलेलं बाळ नडग्यांवर पालथं घेते, हनुवटी तळहातावर तोलते आणि पाठीवरून ऊन पाण्याची धार सोडते. डोक्यावर पाणी घेताना कपाळावर आडवा हात धरते, म्हणजे नाकातोंडात पाणी जात नाही. तिच्या बोलण्याच्या लयीवरून पुढचा तांब्या कधी येणार ते बाळाला कळतं. बाळ कसं धरावं, पाणी कधी ओतावं, रडं कधी ऐकावं, हे ज्ञान महाडच्या घराघरांत आहे. वर्गातला प्रशिक्षक पहिल्या महिन्यात शहरातल्या आईला बऱ्याच अंशी हेच शिकवत असतो.

संशोधन काय सांगतं

बाळ उपजत पोहतं, या समजाचा उगम बहुधा मर्टल मॅग्रॉ या अमेरिकन संशोधिकेच्या 1939 च्या निरीक्षणांत सापडतो. तिने 42 बाळांना पाण्यात धरून, सोडून, त्यांच्या हालचाली चित्रित केल्या. पहिल्या काही महिन्यांत बाळ पाण्याखाली श्वास रोखतं आणि हातपाय लयीत हलवतं. चौथ्या महिन्याच्या आसपास ही प्रतिक्षिप्त क्रिया विस्कटते, बाळ धडपडतं, खोकतं. जाणून केलेली हालचाल दुसऱ्या वर्षात येऊ लागते. चित्रफितींत दिसणारं तान्ह्याचं पोहणं हे त्या पहिल्या टप्प्याचं असतं. तोंड वर काढून श्वास घेणं त्यात नसतं, आणि श्वास घेता आल्याशिवाय ते पोहणं जीव वाचवत नाही.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2000 मध्ये सांगितलं होतं, की चौथ्या वाढदिवसाआधी मूल औपचारिक पोहण्याच्या शिक्षणाला तयार नसतं. आईबाप गाफील होतील आणि मुलाचं भय जाईल, ही त्यामागची मुख्य धास्ती. मग 2009 मध्ये रूथ ब्रेनर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. बुडून गेलेल्या एक ते चार वर्षांच्या 61 मुलांपैकी दोघांनीच पोहण्याचं शिक्षण घेतलं होतं. तुलनेच्या 134 मुलांपैकी पस्तिसांनी. त्यावरून धोका 88 टक्क्यांनी कमी होतो असा अंदाज निघाला. आकडा मोठा आहे, पण मुलं थोडी असल्याने अनिश्चिततेचा पल्लाही फार मोठा आहे: घट तीन टक्के असू शकते आणि नव्व्याण्णवही. तरी शिकवल्याने धोका वाढतो ही भीती त्यातून दूर झाली. संघटनेने 2010 मध्ये भूमिका सैल केली आणि 2019 मध्ये एक वर्षापासून शिकवायला अनुकूल मत दिलं. एक वर्षाखालच्या बाळाला शिकवून बुडणं टळतं, याला पुरावा नाही, हेही त्याच संघटनेचं म्हणणं आहे.

आता बुद्धी आणि वाढ. ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाने पाच वर्षांखालच्या सुमारे सात हजार मुलांच्या पालकांकडून माहिती गोळा केली. पोहायला जाणारी मुलं बोलणं, मोजणं, सूचना पाळणं यांत पुढे दिसली. पण प्रकल्पाला पोहणं शिकवणाऱ्या संस्थांचं पाठबळ होतं, माहिती बरीचशी पालकांच्या सांगण्यावर होती, आणि जी आई आठवड्याला वर्गाला नेते ती घरी गोष्टीही वाचून दाखवत असण्याची शक्यता जास्त. आइसलँडमधल्या 2010 च्या एका अभ्यासात तान्हेपणी पोहलेली 19 मुलं चार वर्षांची झाल्यावर तोल आणि पकड यांत समवयस्कांहून सरस निघाली. हे पटण्यासारखं आहे, पण संख्या तेवढीच आहे. पोहण्याने मूल हुशार होतं असं सांगून कुणी पैसे मागत असेल, तर ते पैसे देऊ नयेत.

जोखमीचीही नोंद हवी. बेल्जियममध्ये 2007 च्या सुमारास बंदिस्त तलावांतल्या क्लोरीनयुक्त हवेचा तान्ह्यांच्या फुफ्फुसांवर वाईट परिणाम होतो असं दिसलं. ब्रिटनमध्ये जन्मापासून पाठपुरावा केलेल्या मुलांच्या 2011 च्या अभ्यासात दम्यात वाढ दिसली नाही. घरात दमा-ॲलर्जी असेल तर मोकळ्या हवेतला तलाव बरा, आणि डॉक्टरांना विचारलेलं बरं. बाळाला वारंवार बुडवलं तर ते भरपूर पाणी गिळतं, रक्तातलं सोडियम उतरतं आणि झटका येऊ शकतो. म्हणून तान्ह्याला बळाने बुडवणारा वर्ग हा वाईट वर्ग. जुलाब झालेल्या मुलाला बरं झाल्यावरही दोन आठवडे तलावात नेऊ नये, कारण काही जंतू क्लोरीनला दाद देत नाहीत.

आशियाचा धडा

पाश्चात्त्य देशांतलं लहान मूल घरामागच्या तलावात बुडतं. आपलं मूल बादलीत, विहिरीत, पऱ्यात. म्हणून आपल्याला जवळचा धडा बांगलादेशाचा आहे. तिथे लक्षात आलं, की बहुतेक लहान मुलं सकाळी नऊ ते दुपारी एकच्या दरम्यान, आई कामात असताना, घरापासून हाकेच्या अंतरावर बुडतात. तेव्हा गावागावांत ‘आंचल’ नावाची सांभाळघरं निघाली. गावातलीच प्रशिक्षित बाई त्या चार तासांत पंचवीसेक मुलं सांभाळते. या घरांत येणाऱ्या मुलांत बुडण्याचं प्रमाण सुमारे 80 टक्क्यांनी घटलं. चार वर्षांवरच्या मुलांना गावच्या तळ्यातच शिकवतात. त्यासाठी पाण्याखाली बांबूचं मचाण बसवलेलं असतं, भोवती बांबूचा कठडा, आणि मूल कमरेइतक्या पाण्यात त्यावर उभं राहून तरंगायला, पाय मारायला शिकतं. 2022 मध्ये तिथल्या सरकारने अशी आठ हजार सांभाळघरं उभारण्याचा कार्यक्रम मंजूर केला. पश्चिम बंगालच्या सुंदरबनातही याच वाटेने काम सुरू झालं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेची 2021 ची मार्गदर्शक सूचनाही याच क्रमाने जाते: शाळेआधीच्या वयाला देखरेखीची जागा, सहा वर्षांपुढे पोहण्याचं मूलभूत शिक्षण. तान्ह्यांचे वर्ग या यादीत नाहीत. ते वाईट आहेत म्हणून नव्हे; गरीब-श्रीमंत सगळ्या देशांत सगळ्यांना पुरेल असा उपाय तो नाही म्हणून.

महाड-पोलादपूरने काय करावं

पहिलं वर्ष न्हाणीचं. आंघोळ घालताना बाळाला कोमट पाण्याशी खेळू द्यावं, डोक्यावर पाणी खूण करून घ्यावं, उताणं धरून कान ओले होऊ द्यावेत. यात आजीचं कौशल्य आणि वर्गातली पद्धत जुळतात. बापानेही हे करावं. पाण्यात मुलाला धरायचा सराव आईआजीपुरता ठेवला, तर नदीकाठी बापाच्या हातातलं मूल असुरक्षितच राहतं. एक नियम तेव्हापासून अंगवळणी पाडावा: मूल पाण्याजवळ असेल तोवर मोठ्याचा हात त्याला लगेच पोचला पाहिजे. फोन वाजला, दूध उतू गेलं, दारात कुणी आलं, तर मुलाला उचलून बरोबर न्यायचं.

दुसऱ्या वर्षापासून घरातलं पाणी झाकायचं. पिंपाला घट्ट झाकण, वापरून झालेली बादली पालथी, न्हाणीच्या दाराला वर कडी, हौदावर फळी किंवा जाळी. हा खर्च शहरातल्या महिन्याभराच्या वर्गाच्या फीपेक्षा कमी आहे आणि त्याने वाचणारे जीव जास्त आहेत. ग्रामपंचायतींनी वापरातल्या विहिरींना कठडे बांधावेत. पावसाळ्याआधी ठेकेदाराकडून खड्डे बुजवून घ्यावेत किंवा त्यांना कुंपण घालून घ्यावं.

तीन ते सहा वर्षांसाठी अंगणवाडी आहे, पण लावणीच्या दिवसांत ती आईच्या कामाआधी सुटते. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवायची तरतूद आहे. जुलैच्या त्या काही आठवड्यांत वाडीवाडीवर अशी सोय झाली, तर भावंड सांभाळणारी ताई शाळेत जाईल आणि तिचं भावंड सुरक्षित राहील. अंगणवाडीसेविकांना आणि आशाताईंना बुडालेल्या मुलाचे प्रथमोपचार शिकवणं याच कामाचा भाग. अजूनही मुलाला उलटं टांगतात, खांद्यावर घेऊन पळवतात, पोट दाबून पाणी काढू पाहतात. यात मोलाची मिनिटं जातात आणि ओकारी श्वासनलिकेत जाते. श्वास चालू नसेल तर ताबडतोब तोंडाने श्वास द्यायचा, मग छातीवर दाब, दुसऱ्याने 108 ला फोन.

सहा वर्षांपुढे प्रत्येक मुलाला आणि मुलीला पोहता आलंच पाहिजे. शाळेची सहल रायगडावर जाते तशी उन्हाळ्यात दोन आठवडे पाण्याची शाळा भरली पाहिजे, स्वच्छ गावतळ्यात बांबूचं मचाण बसवून. कठडा आणि दोर हवा, शिकवायला माणूस प्रशिक्षित हवा, आणि मुलींसाठी शिकवणाऱ्या बायका हव्यात.

आणि पालक-बाळ वर्ग? तोही इथे यावा. महाड शहरात एक उथळ, सावलीतला, कोमट पाण्याचा छोटा तलाव नगरपालिकेने बांधावा, आठवड्यातले काही तास एक ते तीन वर्षांच्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईबापांसाठी ठेवावेत, फी परवडेल अशी असावी, आणि वाड्यावस्त्यांवरच्या मातांना तिथे आणायची गाडीची सोय असावी. त्या वर्गाच्या दारावर मूल पोहायला शिकेल असं वचन लिहू नये. इथे मोठी माणसं मुलाला पाण्यात धरायला शिकतात, असं लिहावं. ज्या आईला लहानपणी कुणी पाण्यात उतरू दिलं नाही, तिचाच नंबर तिथे पहिला लागावा, कारण तिची भीती गेली तर तिच्या मुलांना ती भीती वारशाने मिळणार नाही. पाणी सगळ्यांचं आहे हे या गावाने देशाला दाखवलं. पाण्यात सुरक्षित राहण्याचं शिक्षणही सगळ्यांचं आहे, हे करून दाखवायला महाडइतकं योग्य गाव दुसरं नाही.